संमतिपत्रावरची दुरुस्ती

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत सहा वर्षांपासून 'अ' चालू आहे. लोक विचारतात, "काय मॅडम, कुठवर आलं?" मी सांगते, "'अ'वर." मग ते हसतात. हसोत बापडे. एका शब्दाचे अर्थ किती हे ठरवायला चार शहाणी माणसं एका टेबलाभोवती बसली की काय होतं, ते त्यांना ठाऊक नाही.

कचेरी म्हणजे दोन खोल्या आणि भिंतभर लाकडी खण. खणांत कार्डं. एका शब्दाचं एक कार्ड आणि त्याला टाचलेली कात्रणं: वर्तमानपत्रांची, पुस्तकांची, जाहिरातींची. नियम असा, की छापलेला पुरावा दोन ठिकाणी मिळाल्याशिवाय अर्थ धरायचा नाही. "आमच्या घरी असंच म्हणतात" हा पुरावा नव्हे. नवीन आलेली माणसं पहिल्या महिन्यात हे वाक्य एकदा तरी बोलतात, आमचे संपादक चष्म्यावरून त्यांच्याकडे बघतात, आणि पुन्हा कुणी ते बोलत नाही.

मी इथे सव्वीस वर्षं आहे. त्यामुळे एक खोड जडलीय. माझ्या हातात सतत लाल पेन असतं आणि समोर येईल ते मी दुरुस्त करते. लग्नाची पत्रिका, विजेचं बिल, औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद, काहीही. माझा हात मला विचारत नाही. छोटूने एकदा मला माफी मागणारं पत्र पाठवलं होतं. त्यात तीन चुका होत्या. त्या मी दुरुस्त केल्या आणि मग रडले. क्रम हाच होता, खोटं कशाला सांगू?

छोटू म्हणजे माझा धाकटा भाऊ. वय चव्वेचाळीस, केस निम्मे पांढरे, पण आई त्याला छोटू म्हणते म्हणून सगळेच म्हणतात. तो लिफ्ट दुरुस्त करतो. तो वेगळा राहतो; आई आणि मी राहतो त्या इमारतीला लिफ्ट नाही आणि आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. यावर करता येतील तेवढे विनोद करून झालेले आहेत.

आता 'तेव्हा'चं सांगते. आमच्या घरात त्या काळाला 'तेव्हा' म्हणतात, त्याहून जास्त कुणी काही म्हणत नाही. तेव्हा छोटू गोळ्यांच्या आणि औषधाच्या बाटल्यांच्या नादी लागला होता. सुरुवात पाठदुखीवर झाली, मग पाठ दुखायची थांबली तरी बाटल्या थांबल्या नाहीत. आई शिवणकाम करायची. दवाखान्यांचे अंगरखे, शाळांचे गणवेश, दिवसाला बारा-पंधरा नग. खिडकीपाशी तिचं पायाचं मशीन होतं. एका दुपारी ती शिवलेले कपडे पोचवायला गेली आणि परत येऊन बघते तर खिडकीपाशी जमिनीवर मशीनच्या चार पायांचे चार खळगे तेवढे होते. तिने छोटूला काही विचारलं नाही. पुढचे कपडे तिने हाताने शिवले. दोन महिन्यांनी पोलिसांनी त्याला पकडलं, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, मग तो आठ महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहिला. ते पत्र तिथलंच. तेव्हापासून अकरा वर्षं त्याने कशाला हात लावलेला नाही. साधं डोकं दुखलं तरी गोळी घेत नाही, कपाळाला ओला रुमाल बांधून कामावर जातो.

यंदा आईला कॅन्सर निघाला आणि निघाला तोच हाडांत उतरलेला. आम्ही तिचा पलंग खिडकीपाशी लावला, त्या खळग्यांवर. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की आता बरं करण्याचं औषध नाही, दुखू न देण्याचं आहे. ते द्यायचं तर रोग्याची स्वतःची लेखी संमती लागते. घरी येणाऱ्या सिस्टर एका शनिवारी सकाळी तो फॉर्म घेऊन आल्या.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर 'अंमली'चं कार्ड आलं होतं. कार्ड चांगलं जाड होतं. अंमल म्हणजे सत्ता, हुकमत. त्यावरून ज्याचा माणसावर अंमल चढतो ते अंमली. इथवर कुणाचं भांडण नाही. पण पुढे बारा कात्रणं होती, त्यातली अकरा पोलिसांची आणि एक जुन्या वैद्यकीय पुस्तकातलं. अकरापैकी चौथं कात्रण होतं: 'अंमली पदार्थांसह तरुण ताब्यात'. चार ओळी. मी ते पाहताक्षणी ओळखलं. कुणीतरी सहकाऱ्याने कधीकाळी कापून, चिकटवून, कोपऱ्यात तारीख घालून ठेवलं होतं. त्या तरुणाचं आडनाव आणि माझं आडनाव एकच आहे, हे आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही. मी मूग गिळून गप्प बसले. पुरावा म्हणून कात्रण निर्दोष होतं.

तर हे सगळं डोक्यात असताना सिस्टरांनी फॉर्म माझ्या हातात दिला. त्यावर छापलं होतं: 'मला गुंगीचे औषध देण्यास माझी संमती आहे.'

माझं डोकंच फिरलं. गुंगी म्हणजे झोपेच्या काठावरची अवस्था. प्रवासात लुटारू देतात ते गुंगीचं औषध. ऑपरेशनच्या आधी देतात ती भूल. दाढ काढताना हिरडीत टोचतात ते बधिर करण्याचं. आईला द्यायचं होतं ते यातलं काहीच नव्हतं. माप नीट जमलं तर माणूस जागा राहतो, बोलतो, भांडतोसुद्धा. दुखणं तेवढं लांब जातं. एवढा मोठा दवाखाना आणि यांना एक शब्द धड लिहिता येऊ नये? मी 'गुंगीचे औषध'वर रेघ मारली आणि समासात सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'अंमली वेदनाशामक'.

"अय्या, किती सुंदर अक्षर आहे तुमचं!" सिस्टर म्हणाल्या.

मी फॉर्म आईसमोर धरला. आईने चष्मा लावला. मापाच्या वहीवर गिऱ्हाइकाची सही घेताना ती आधी स्वतः सगळं वाचायची, ती सवय तशीच होती. तिचं बोट ओळीवरून सरकत सरकत समासापर्यंत आलं आणि थांबलं.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"म्हणजे तेच ना हे?"

इथे दुसरं कुणी असतं तर 'छे गं, काहीतरीच काय' म्हणालं असतं. पण मी कोशातली बाई. मी म्हणाले, "तेच नाही, पण त्याच जातीचं."

आईने फॉर्मची चौपदरी घडी घातली आणि उशीखाली सारली. "मला नको," ती म्हणाली. "सिस्टर, तुम्ही चहा घेऊन जा."

मी कपाळावर हात मारून घेतला. डॉक्टरांना फोन केला, तर ते म्हणाले, "त्या शुद्धीवर आहेत, समजून-उमजून नको म्हणताहेत. सही त्यांचीच हवी. तुमची चालणार नाही."

पुढचे पाच दिवस कुणाच्या वाट्याला येऊ नयेत, असं मी म्हणेन. आई ओरडायची नाही. टॉवेलचं टोक दातांत धरायची आणि उरलेला टॉवेल दोन्ही मुठींत आवळायची. टॉवेल बदलायला घेतला की त्यावर दातांच्या खुणा दिसायच्या. मी समजावलं. मी रागावले. लाज वाटण्यासारखं यात काय आहे, त्या शब्दाचे दोन अर्थ वेगळे, दवाखान्यातला वेगळा आणि पोलिसांचा वेगळा, असं सगळं व्याख्यान झोडलं.

"तुझं कार्ड मला वाचून दाखवू नकोस," आई म्हणाली. "शब्द कसले, माणसं बघ."

ते दिवस मी कचेरीतून लवकर घरी येत होते. एवढं मात्र मी बघितलं, की रोज सहाच्या सुमाराला ती उठून बसायची. माझ्याकडून केस विंचरून घ्यायची, टॉवेल पांघरुणाखाली ढकलायची. सहाला छोटू यायचा, कामावरून थेट, हातांना वंगणाचा वास. मग दोन तास दोघांच्या गप्पा. कुठल्या इमारतीत कोण अडकलं, कुणी लिफ्टमध्ये घाबरून सगळी बटणं एकदम दाबली. आई हसायची. खोटं वाटेल, पण खरंच हसायची. आठला तो गेला आणि जिन्यावरची पावलं ऐकू येईनाशी झाली की ती टॉवेल शोधायची.

पाचव्या दिवशी तो गेल्यावर मी तिला टॉवेल दिलाच नाही. हातात धरून ठेवला. "आधी सांग," मी म्हणाले. "कशासाठी हा हट्ट? कुणाला दाखवायचंय?"

"दे तो."

"सांग आधी."

तिने डोळे मिटले. मग एकेक शब्द मोजून दिल्यासारखा बोलली. "ती बाटली या घरात आली, की तू त्याला येऊ नको म्हणशील."

"मी?"

"तू नाही म्हणालीस तर मी म्हणेन. म्हणावंच लागेल. अकरा वर्षं झाली त्याला सुटून, आणि मी मरता मरता ती त्याच्यासमोर उशाशी ठेवू? मला काय वेड लागलंय? दुखतंय ते दुखू दे. ते माझं आहे. पण त्याने रोज यायला हवं."

मी टॉवेल दिला. लाजेची गोष्ट आहे असं समजून मी पाच दिवस बडबडत होते. तिच्या मनात लाज नव्हतीच. दोन्ही औषधं एका जातीची आहेत, हे माझ्याआधी तिला कळलेलं होतं. तिला हिशेब पक्का माहीत होता, मलाच नव्हता.

"मी ते लिहिलंच नसतं तर?" मी विचारलं.

"तर प्यायले असते. आणि एक दिवस उशाशी बसल्या बसल्या बाटलीवरचं त्याने वाचलं असतं. बरं झालं लिहिलंस. आता जा, झोप."

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत न जाता छोटू काम करत होता त्या इमारतीत गेले. गच्चीवरच्या खोलीत, जिथे लिफ्टचं चाक आणि मोटार असते, तिथे तो गुडघ्यांवर बसून तारांना वंगण लावत होता. मी त्याला सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, माझी दुरुस्तीसुद्धा.

"किती दिवस झाले?" त्याने विचारलं.

"आजचा सहावा."

"आणि माझ्यासमोर हसत बसते? मी तिला त्या बटणंवाल्याची गोष्ट सांगतोय, आणि ती..." त्याने हातातला पाना पेटीत आपटला. मग बराच वेळ चिंधीने एकेक बोट पुसत राहिला. शेवटी म्हणाला, "बाटली घरात नकोच. खालच्या काकूंकडे ठेवा, कुलपात. मी यायच्या आधी पाजून झालेलं असू दे. पेलासुद्धा मला दिसायला नको."

"एवढं?"

"ताई, तुला नाही कळायचं. नुसता वास आला तरी जिभेला आठवतं." हे तो अगदी साध्या आवाजात बोलला, वंगण संपलंय म्हणावं तसं.

मग सगळं झटपट झालं. तळमजल्यावरच्या काकू एकट्या राहतात, आईच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांनी कपाटातला वरचा कप्पा रिकामा केला आणि किल्ली कमरेला खोचली. आईने उशीखालचा फॉर्म काढला, उलगडला, घड्या हाताने सपाट केल्या आणि सही केली. सिस्टर बाटली घेऊन आल्या, सोबत रेघा असलेला चिमुकला प्लास्टिकचा पेला. दहाच्या रेघेपर्यंत ओतायचं, दिवसातून चार वेळा. सकाळचं आणि रात्रीचं मी खालून आणायचं. दुपारचं आणि साडेपाचचं, मी कचेरीत असताना, काकूंनी जिना चढून वर न्यायचं. बाटली काकूंचं कपाट सोडून कुठेही जायची नाही, वर येईल तो पेला, आणि तो धुऊन लगेच खाली. सहाला छोटू येणार. मधला अर्धा तास हा नियम.

पहिला पेला घेतल्यावर आई तासभर झोपली. उठली तेव्हा तिने खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाली, "या पडद्याची किनार कुणी शिवलीय? वाकडी आहे." ती मीच शिवली होती. मला इतका आनंद झाला, की मी आतल्या खोलीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

तीन आठवडे असे गेले. आई जेवायला लागली, थोडंच, पण चवीची तक्रार करत. टॉवेल धुऊन, घडी करून उशाशी नुसता पडून राहिला. सिस्टरांनी सांगितलं, की माझी दुरुस्ती त्यांच्या मोठ्या डॉक्टरांना पटली आणि नवीन फॉर्म तसेच छापून आलेत. त्यातला एक त्यांनी मला कौतुकाने आणून दिला. मी तो 'अंमली'च्या कार्डाला टाचला. वैद्यकीय अर्थाला दुसरा छापील पुरावा मिळाला. संपादकांनी विचारलं, "हे कुठे सापडलं?" मी म्हणाले, "ओळखीच्यांकडे." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, पण नियमात बसत होतं. चौथ्या कात्रणाला मी हात लावला नाही. त्याच्याशेजारीच हे लागलं.

मग तो गुरुवार. सव्वापाचला काकूंचा फोन आला. मोरीत पाय घसरला होता, घोटा सुजून टम्म झाला होता. "अगं, मला उभंसुद्धा राहता येत नाही. जिना कसा चढू?"

"मी निघते," मी म्हणाले. "अर्ध्या तासात पोचते. तुम्ही हलू नका."

निघाले खरी, पण रस्ता कुणीतरी खणून ठेवला होता आणि बस जागची हलेना. मी छोटूला फोन लावला. उचलला नाही; तो काम करतो तिथे रेंज नसते. शेवटी उतरले आणि चालत सुटले. पन्नाशीच्या बाईने जेवढं भरभर चालावं त्याहून भरभर. इमारतीत शिरले तेव्हा सहा वाजून बारा मिनिटं झाली होती.

काकूंचं दार उघडं होतं. पाय स्टुलावर ठेवून त्या बसल्या होत्या. मला बघून त्यांचा चेहरा आधी उजळला आणि मग पडला.

"दिलं गं," त्या म्हणाल्या.

"कुणी दिलं?"

"छोटूकडे दिलं. सहाला आला तो. आईचा आवाज इथवर येत होता, मला ऐकवेना. मी म्हटलं, तू घेऊन जा. तो नको नको म्हणत मागे सरत होता गं, मीच कशीबशी कपाटाला धरून उठले, दहाच्या रेघेपर्यंत ओतलं आणि त्याच्या हातात दिलं. मी तरी काय करू?"

"कधी?"

"आत्ताच. तू यायच्या जरासं आधी."

मी जिन्याकडे वळले. पहिला मजला चढले आणि लक्षात आलं, की वर पावलं वाजत नाहीयेत. आमचा जिना पोकळ आहे, कुणी चढत असलं की तीन मजले ऐकू जातं. आणि तेव्हा नुसती शांतता होती. म्हणजे शांतता नव्हे; वरून आईचा आवाज येत होता. टॉवेल दातांत धरल्यावर येतो तो. तीन आठवड्यांत मी तो विसरले होते.

दुसऱ्या मजल्यापर्यंत मी भिंतीच्या कडेने गेले. कठड्याच्या गजांतून वर पाहिलं. मधल्या वळणावर छोटू उभा होता. पाठ भिंतीला, खांद्यावर हत्यारांची पिशवी, उजव्या हातात पेला आणि त्यावर डाव्या हाताचा तळवा झाकणासारखा. पिशवीच्या वजनाने खांदा खाली आला होता. मग त्याने तळवा काढला. पेल्यात बघितलं. पेला वर उचलला, नाकापाशी नेला, आणि तिथेच धरून राहिला.

मी हाक मारायला हवी होती. एक शब्द, 'छोटू', बस. तो वळला असता, मी पेला घेतला असता, प्रश्न मिटला असता. वर आई तळमळत होती, त्यामुळे थांबण्याचं काही कारणही नव्हतं. तरी मी हाक मारली नाही. का नाही मारली, ते मला पक्कं माहीत आहे. मला बघायचं होतं. अकरा वर्षं मी त्याच्या तोंडावर 'हो रे, विश्वास आहे' म्हणत आले आणि अकरा वर्षं पुरावा शोधत आले. तो आला की त्याचे डोळे बघायचे, तो गेला की माझी पर्स. आता पुरावा समोर उभा होता. मी गज धरून उभी राहिले आणि आकडे मोजले. त्रेपन्नपर्यंत मोजल्याचं आठवतं. स्वतःच्या भावाच्या बाबतीत माणूस इतकं कोरडं होऊ शकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मग त्याने खांदा झुकवून पिशवी पायरीवर सोडली. हत्यारं खणखणली. त्याने पेला दोन्ही हातांत धरला आणि चढू लागला, मोठ्याने पायऱ्या मोजत. "एक. दोन. तीन." अगदी हळू, काही सांडू नये म्हणून. मी पिशवी उचलली आणि त्याच्या मागे गेले.

खोलीच्या दारात तो थांबला. आईने त्याच्या हातातला पेला पाहिला आणि तिच्या तोंडातला टॉवेल गळून पडला.

"तू कशाला आणलंस?" ती म्हणाली. "ताई कुठंय?"

"मी आहे," मी मागून म्हणाले.

छोटू वळला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या पिशवीकडे. काही सांगायची गरज उरली नाही. जिन्यावर मी मागे होते, बघत होते आणि गप्प होते, हे सगळं त्याला एका क्षणात कळलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने पेला माझ्या डोळ्यांसमोर धरला, खिडकीच्या उजेडात.

"बघ," तो म्हणाला. "रेघ बघ."

आणि मी बघितली. देवा, मी खरंच वाकून बघितली! औषध दहाच्या रेघेवर होतं, ना वर ना खाली.

"बरोबर आहे," मी म्हणाले.

"तिला काय दाखवतोस?" आई पलंगावरून ओरडली. "मेलं दुखतंय मला. इकडे आण."

तो तिच्यापाशी बसला. डावा हात तिच्या मानेखाली घातला आणि उजव्या हाताने पेला तिच्या ओठांना लावला. आईने डोळे त्याच्या चेहऱ्यावरून हलवले नाहीत. दोन घोटांत संपवलं. मग तिने असं तोंड वाकडं केलं, की मला वाटलं, उलटी होणार.

"शी! काय कडूजहर आहे रे हे!" ती म्हणाली. "आणि या असल्या पाण्यासाठी माझं मशीन विकलंस होय रे, मेल्या?"

अकरा वर्षांत या घरात मशीन हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. छोटू रिकामा पेला धरून तसाच बसला. आधी त्याला हसू आलं, नाकातून, आवरता न येणारं. आई पण हसायला लागली, हसताना दुखत होतं तरी. मग त्याचं हसू कुठेतरी फाटलं आणि त्याने कपाळ पलंगाच्या कडेवर टेकवलं. "चांगलं मशीन होतं गं आई," तो म्हणत होता. "किती चांगलं मशीन होतं."

आईने त्याच्या केसांतून हात फिरवला. वंगण लागलं, ते तिने चादरीला पुसलं.

"पुरे आता," थोड्या वेळाने ती म्हणाली. आवाज सैल पडत चालला होता. "ऊठ. पेला धू आणि काकूंना देऊन ये. आणि त्यांना सांग, घोटा बरा होईस्तोवर संध्याकाळचं तूच आणत जाशील."

छोटूने माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात कशाला परवानगी आहे आणि कशाला नाही, ते आजवर माझ्या चेहऱ्यावर वाचलं जायचं. मी त्याची पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि आईची चादर सारखी करायला वळले.

त्याने पेला धुतला, पुसला आणि तो खाली गेला. खाली काकू होत्या, कपाट होतं, बाटली होती. आमच्या जिन्यावरची पावलं तीन मजले ऐकू येतात, कोण कुठे थांबलं तेही कळतं. मी जाऊन दार लावून घेतलं आणि आईपाशी येऊन बसले.